ठिपक्यांतून विषाणू वाचणारी रोझलिंड

जूचंद्र म्हटलं की वसई-विरारच्या माणसाला दोन गोष्टी आठवतात. डोंगरावरची चंडिकादेवी आणि रांगोळी. नायगावच्या पूर्वेला, वसई-दिवा रेल्वेमार्गावर असलेल्या या गावात इतके रांगोळी कलाकार आहेत की दिवाळीत इथली प्रदर्शनं बघायला लोक लांबून येतात. जमिनीवर काढलेलं व्यक्तिचित्र चार पावलांवरून छायाचित्रासारखं दिसतं. वाकून अगदी जवळून पाहिलं की चेहरा नाहीसा होतो आणि नुसते रंगाचे कण उरतात. घरातली रोजची रांगोळी त्याहून सोपी. ठिपक्यांचा कागद अंथरायचा, वरून रांगोळी फिरवायची, कागद उचलायचा आणि ठिपके जोडत जायचं.

आता हेच काम उलट्या बाजूनं करायचं आहे, असं समजा. समोर फक्त ठिपके आहेत. ते कुठल्या वस्तूनं उमटवले हे ठाऊक नाही, आणि ती वस्तू इतकी लहान आहे की साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाही. ठिपक्यांमधली अंतरं, त्यांचा गडदपणा मोजायचा, पानंच्या पानं गणितं करायची आणि त्या वस्तूचा आकार सांगायचा. रोझलिंड फ्रँकलिन या ब्रिटिश शास्त्रज्ञ स्त्रीनं उमेदीची बहुतेक वर्षं हेच केलं. आधी कोळशावर, मग डीएनएवर आणि शेवटची पाच वर्षं वनस्पतींच्या विषाणूंवर. यातली डीएनएची गोष्ट बहुतेकांच्या कानावर असते. विषाणूंची गोष्ट क्वचितच सांगितली जाते. मिरचीचं पान हिरवं-पिवळं चट्टेरी होतं, पपईच्या फळावर वर्तुळं उमटतात, तेव्हा त्या झाडाच्या आत काय चाललेलं असतं, हे समजून घेण्याच्या वाटेवर तिची ती पाच वर्षं आहेत.

रोझलिंडचा जन्म २५ जुलै १९२० रोजी लंडनमधल्या एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकेच्या व्यवसायात. मुलीला गणित आणि शास्त्राचं वेड. सुदैवानं शाळा अशी मिळाली, जिथे मुलींना भौतिक आणि रसायनशास्त्र नीट शिकवलं जाई. १९३८ मध्ये ती केंब्रिजला दाखल झाली. त्याच सुमारास आपल्या कमलाबाई सोहोनी, तेव्हाच्या कमला भागवत, केंब्रिजमध्येच वनस्पतींच्या पेशींवर संशोधन करत होत्या. १९३९ मध्ये त्यांनी तिथली पीएचडी मिळवली. बंगळूरच्या संस्थेत बाई म्हणून नाकारलेला प्रवेश झगडून मिळवावा लागलेल्या कमलाबाईंना केंब्रिज मोकळं वाटलं असेल. पण तेही पुरतं मोकळं नव्हतंच. मुलींना अभ्यास करू देत, परीक्षा देऊ देत, पूर्ण दर्जाची पदवी मात्र १९४८ पर्यंत देत नसत.

युद्धाच्या काळात रोझलिंडनं कोळशावर काम केलं. कोळसा म्हणजे बारीक बारीक छिद्रांचा पदार्थ. त्या छिद्रांतून कुठले रेणू आत शिरतात आणि कुठले अडतात, हे तिनं मोजलं. १९४५ मध्ये याच कामावर तिला पीएचडी मिळाली. मग १९४७ ते १९५० ही वर्षं पॅरिसमध्ये गेली, आणि तिथे ती क्ष-किरण शिकली. एखाद्या पदार्थावर क्ष-किरणांचा झोत सोडला की त्यातल्या अणूंच्या मांडणीमुळे किरण ठरावीक दिशांना फाकतात आणि मागच्या फिल्मवर ठिपके उमटतात. स्फटिकासारखी शिस्तशीर वस्तू असेल तर ठिपके स्वच्छ येतात. रोझलिंडची खासियत अशी की बेशिस्त वस्तूंचे पुसट, फराटेवजा ठिपकेही तिला वाचता येत. पॅरिसचे दिवस तिच्या आयुष्यातले सर्वांत आनंदाचे होते, असं तिला ओळखणारे सांगत.

१९५१ च्या जानेवारीत ती लंडनच्या किंग्ज कॉलेजात आली. पुढचं सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात. डीएनएचं काम नक्की कुणाचं, याबद्दल प्रयोगशाळेच्या प्रमुखानं रोझलिंडला एक सांगितलं होतं आणि मॉरिस विल्किन्सला त्याचा पत्ताच नव्हता. दोघांचं पटलं नाही. तिच्या देखरेखीखाली रेमंड गॉसलिंग या विद्यार्थ्यानं १९५२ च्या मे महिन्यात डीएनएचं एक अतिशय स्वच्छ क्ष-किरण चित्र घेतलं. ते चित्र १९५३ च्या जानेवारीत, तिला न विचारता, जेम्स वॉटसनला दाखवलं गेलं. एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिकचा दुपदरी पिळाचा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा रोझलिंडनं किंग्ज कॉलेज सोडलेलं होतं. जाताना डीएनएचा विषय तिथेच ठेवून जावा, अशी अपेक्षा तिच्याकडून केली गेली.

बहुतेक लेखांमध्ये तिची गोष्ट इथे संपते आणि अन्यायाची चर्चा सुरू होते. अन्याय झाला यात शंका नाही. पण बत्तीस वर्षांची, नावाजलेली, हातात विलक्षण कसब असलेली ही बाई नंतर काय करत होती, हे त्यात राहूनच जातं.

ती लंडनमधल्याच बर्कबेक कॉलेजात गेली, जे. डी. बर्नाल या शास्त्रज्ञाच्या विभागात. जागा म्हणजे एक जुनं घर. तिची खोली वर छपराखाली आणि क्ष-किरणांची यंत्रं खाली तळघरात. बर्नालनं तिला विषय दिला तो तंबाखूवरच्या मोझॅक रोगाच्या विषाणूचा.

या विषाणूचं घराणं जुनं आहे. विषाणू नावाची काही चीज असते, हे माणसाला कळलं तेच मुळी त्याच्यामुळे. रशियातल्या दिमित्री इव्हानोव्स्कीनं १८९२ मध्ये रोगट तंबाखूच्या पानांचा रस अतिशय बारीक छिद्रांच्या गाळणीतून गाळला. जिवाणू अडकायला हवे होते, पण गाळलेला रसही निरोगी पानाला रोग देत राहिला. १८९८ मध्ये हॉलंडच्या बायरिंकनं हा जिवाणूंहून वेगळाच प्रकार आहे, असं ठामपणे मांडलं. १९३५ मध्ये अमेरिकेत वेंडेल स्टॅन्लीनं या विषाणूचे चक्क स्फटिक केले. मीठ-साखरेसारखे स्फटिक होतात आणि तरीही झाडाला रोग होतो, हे ऐकून जग चकित झालं. स्टॅन्लीला वाटलं हे निव्वळ प्रथिन आहे. लगेचच इंग्लंडमध्ये बॉडेन आणि पिरी या दोघांनी दाखवलं की त्यात थोडा आरएनएही आहे. वजनाच्या मानानं जेमतेम पाच टक्के. बाकी सगळं प्रथिन.

हा पाच टक्के आरएनए कुठे असतो आणि काय करतो, हा प्रश्न रोझलिंडच्या वाट्याला आला.

विषाणू दिसायला दांडीसारखा. लांबी सुमारे ३०० नॅनोमीटर, जाडी १८. म्हणजे एका मिलिमीटरात अशा तीन हजारांहून अधिक दांड्या एकापुढे एक मावतील. साधारण समजूत अशी होती की आरएनए दांडीच्या मधोमध असणार, पेन्सिलीतल्या शिशासारखा. वॉटसननं डीएनएच्या आधी या विषाणूची क्ष-किरण चित्रं घेऊन त्यात पिळाची रचना असल्याचं सांगितलं होतं, पण बाकी तपशील ढोबळ होते. रोझलिंडनं तळघरातली यंत्रं हवी तशी जुळवून घेतली, विषाणूचे दाट द्रव बारीक काचनळ्यांत भरले आणि आजवर कुणी घेतली नव्हती इतकी स्पष्ट चित्रं घेतली. १९५४ च्या सुरुवातीला त्याच इमारतीत काम करणाऱ्या आरन क्लुगनं तिची चित्रं पाहिली आणि स्वतःचं काम बाजूला ठेवून तो या कामात आला. क्लुग दक्षिण आफ्रिकेत वाढलेला, गणितात तरबेज. मग केनेथ होम्स आणि जॉन फिंच हे विद्यार्थी आले. किंग्ज कॉलेजात एकटी पडलेली रोझलिंड इथे एका पक्क्या गटाची प्रमुख होती.

भांडणं इथेही चुकली नाहीत. १९५५ मध्ये तिनं छापलं की या विषाणूच्या सगळ्या दांड्या सारख्याच लांबीच्या असतात. लहान-मोठे तुकडे दिसतात ते तयार करताना मोडल्यामुळे. विषाणूत आरएनए शोधणाऱ्या पिरीचं मत नेमकं याच्या उलट होतं. तो या क्षेत्रातला अधिकारी माणूस. त्यानं तिला खरमरीत पत्र लिहिलं आणि विषाणूचे नमुने पाठवणं बंद केलं. नमुनेच नसतील तर फोटो कशाचे काढणार? ती थांबली नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत फिरून तिनं ओळखी करून ठेवल्या होत्या. अमेरिकेतल्या आणि जर्मनीतल्या प्रयोगशाळा तिच्याशी सहकार्य करू लागल्या. लांबीबद्दलचं तिचं म्हणणं पुढे बरोबर ठरलं. निधी देणाऱ्या कृषी संशोधन परिषदेशी पगारावरून आणि पदावरून तिची ओढाताण मात्र शेवटपर्यंत चालू राहिली.

आरएनएची जागा शोधण्यासाठी तिनं वापरलेली युक्ती फार साधी आहे. जर्मनीतल्या श्राम याच्या प्रयोगशाळेत विषाणूमधलं प्रथिन वेगळं काढून, आरएनएशिवाय, त्याच्या पुन्हा दांड्या बनवता येत होत्या. रोझलिंडनं खऱ्या विषाणूचं आणि या बिनआरएनएच्या दांडीचं क्ष-किरण चित्र शेजारी शेजारी ठेवलं. दोन्ही जवळजवळ सारखी. जिथे फरक होता, तो आरएनएचा. हिशेब केल्यावर आरएनए मधल्या अक्षापासून ४ नॅनोमीटरवर निघाला. मध्यभागी शिसं नव्हतंच, तिथे पोकळी होती. आरएनएचा एकेरी धागा प्रथिनाच्या भिंतीत आतल्या बाजूनं, गोल गोल पिळत, वरपासून खालपर्यंत गेलेला होता. अमेरिकेत डोनल्ड कॅस्पर त्याच वेळी आपल्या वाटेनं याच ठिकाणी पोहोचला होता. दोघांचे निबंध १९५६ मध्ये बरोबरीनं प्रसिद्ध झाले. श्रेयाची ओढाताण न करता असंही होऊ शकतं, हे रोझलिंडच्या बाबतीत आवर्जून सांगायला हवं.

आज आपल्याला पुढचे आकडेही ठाऊक आहेत. धाग्यावर सुमारे ६४०० अक्षरं. भोवती एकाच प्रकारच्या प्रथिनाचे जवळपास २१३० तुकडे. पिळाच्या तीन फेऱ्यांत बरोबर ४९. एखाद्या भरगच्च गजऱ्यासारखी ही रचना आहे. दोरा दिसत नाही, पण प्रत्येक फूल त्यालाच धरून बसलेलं असतं.

दोरा भिंतीत असो की मध्यभागी, काय फरक पडतो? तर त्याच वर्षी, १९५६ मध्ये, जर्मनीत गीरर आणि श्राम यांनी आणि अमेरिकेत फ्रेंकेल-कॉनराट यानं दाखवलं की प्रथिन पूर्ण काढून टाकलेला नुसता आरएनए पानावर चोळला तरी झाडाला रोग होतो आणि आत नवे, प्रथिनासकट पूर्ण विषाणू तयार होतात. म्हणजे प्रथिन हे नुसतं आवरण, आणि ते कसं बनवायचं हा मजकूर धाग्यात. एवढासा धागा भिंतीत गच्च रुतलेला असताना झाडाची पेशी तो वाचते तरी कशी, हा प्रश्न रोझलिंडच्या शोधानंतर टाळता येण्यासारखा राहिला नाही. त्याचं उत्तर मिळायला पुढची जवळजवळ तीस वर्षं लागली, आणि ते गमतीदार आहे.

प्रत्येक पेशीत, आपल्याही, प्रथिनं बनवणारी सूक्ष्म यंत्रं असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. रायबोसोमला पोथी वाचणारा समजा. आरएनएची अक्षरं तो तीन-तीन करून वाचतो आणि प्रत्येक तिकडीमागे एक अमिनो आम्ल जोडत जातो. ही माळ म्हणजेच प्रथिन. विषाणूकडे स्वतःचा वाचणारा नसतो. तो फक्त पोथी घेऊन येतो आणि झाडाच्या वाचकाकडून वाचून घेतो. तंबाखूच्या विषाणूचा आरएनए असा आहे की तो पेशीला स्वतःच्याच निरोपासारखा वाटतो. सुरुवातीला तशीच रासायनिक टोपी, पुढे वाचकाला चटकन बसवून घेणारा छोटा प्रारंभीचा भाग.

विषाणू पेशीत शिरतो तो खरचटलेल्या जागेतून. पेशीच्या आतलं रसायन बाहेरच्यापेक्षा वेगळं असल्यामुळे दांडीच्या एका टोकाची थोडी प्रथिनं सैल होऊन गळतात. दोऱ्याचं टोक उघडं पडतं. रायबोसोम तिथे बसतो आणि वाचत पुढे सरकू लागतो. जसजसा तो पुढे जातो तसतशी समोरची फुलं आपोआप गळत जातात. वाचन आणि उलगडणं एकदमच चालतं. १९८० च्या दशकात हे प्रयोगानं दिसलं. विषाणूचं आवरण काढायला वेगळं कुणी लागत नाही. झाडाचाच रायबोसोम ते काढतो, आणि काढता काढता शत्रूचं पहिलं प्रथिन बनवून देतो. धागा प्रत्येक प्रथिनाला धरून भिंतीत पिळलेला आहे, ही रचना माहीत नसती तर ही कल्पना कुणाला सुचली असती का, मला शंका आहे.

यापुढे खरी अडचण. वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या पेशीतला रायबोसोम साधारणपणे एका पोथीतून एकच अध्याय वाचतो. सुरुवातीला बसतो, समाप्तीची खूण आली की उठून जातो. विषाणूच्या पोथीत अध्याय अनेक असतात. पहिला वाचून वाचक उठला तर बाकीचे कोण वाचणार?

तंबाखूच्या विषाणूनं यावर दोन तोडगे काढलेत. पहिल्या अध्यायाच्या शेवटची समाप्तीची खूण मुद्दाम पुसट ठेवली आहे. बहुतेक वेळा रायबोसोम तिथे थांबतो आणि एक प्रथिन तयार होतं. पण दहा-वीस वेळांतून एकदा तो खुणेवरून पुढे निघून जातो आणि लांबलचक दुसरं प्रथिन बनतं. ही दोन्ही विषाणूच्या प्रती काढण्याच्या कामाची. कुठलं किती हवं याचं प्रमाण त्या पुसटपणातच ठरलेलं. दुसरा तोडगा शेवटच्या अध्यायांसाठी. एका पेशीतून शेजारच्या पेशीत वाट काढून देणारं प्रथिन आणि आवरणाचं प्रथिन, हे दोन्ही मजकूर पोथीच्या शेवटाकडे आहेत. त्यांच्यासाठी विषाणू तेवढ्याच भागाच्या छोट्या, सुट्या प्रती काढतो. वाचक त्या सुट्या पानाच्या सुरुवातीला बसतो.

या दुसऱ्या तोडग्यानं शास्त्रज्ञांनाही चकवलं. १९६० च्या दशकाच्या आरंभी काहींनी या विषाणूचा पूर्ण आरएनए जिवाणूंच्या पेशीरसात घातला आणि त्यातून आवरणाचं प्रथिन बनलं, असं जाहीर केलं. मोठी बातमी झाली. नंतर नीट तपासल्यावर ते प्रथिन ते नव्हतंच असं निघालं. पूर्ण पोथीत तो अध्याय रायबोसोमसाठी बंदच असतो, हे १९७० च्या दशकात सुट्या प्रती सापडल्या तेव्हा उलगडलं.

दुसऱ्या विषाणूंचे तोडगे दुसरे. खानदेशातले केळी उत्पादक ज्याला हरण्या म्हणतात, तो काकडीवरच्या मोझॅकचा विषाणू आपली पोथीच तीन वेगळ्या आरएनएंमध्ये वाटून ठेवतो. पपईवर वर्तुळाकार डाग आणणारा विषाणू तिसरीच वाट धरतो. त्याच्या १० हजारांहून थोड्या जास्त अक्षरांच्या आरएनएवर बहुतेक सगळा मजकूर सलग लिहिलेला आहे. रायबोसोम तो एका दमात वाचतो आणि एक प्रचंड लांब प्रथिन बनतं. मग त्याच प्रथिनाचे काही भाग कात्रीसारखे काम करतात आणि त्याला ठरलेल्या जागी कापून जवळपास दहा कामाची प्रथिनं सुटी करतात. टोपीच्या जागी हा विषाणू स्वतःचं एक प्रथिन चिकटवतो आणि झाडाच्या वाचन सुरू करणाऱ्या यंत्रणेला तेच टोपी म्हणून दाखवतो. काही मिरच्यांच्या जाती याच्या नात्यातल्या विषाणूंना दाद देत नाहीत, त्याचं कारण इथेच आहे. त्यांच्यात टोपी धरणारं प्रथिन किंचित बदललेलं असतं. बनावट टोपी त्यात बसत नाही.

या विषाणूंवर फवारणी करून उपयोग नसतो तोही यामुळेच. विषाणूचं स्वतःचं यंत्र नाही, वाचणारा झाडाचाच. त्याला मारायचं तर झाड मरेल. म्हणून रोगट झाड उपटून टाकणं, विषाणू पसरवणाऱ्या माव्यावर नजर ठेवणं, निरोगी रोपं आणि प्रतिकारक जाती लावणं, एवढंच हातात राहतं. तंबाखूचा विषाणू तर माव्याचीही वाट बघत नाही, तो हातावरून जातो. तंबाखू मळून किंवा विडी ओढून झाल्यावर मिरची-टोमॅटोच्या रोपांना हात लावण्याआधी साबणानं हात धुवावेत, असं शेतीतज्ज्ञ सांगतात ते उगाच नाही. खाणाऱ्याला मात्र भीती नाही. हे विषाणू माणसाला बाधत नाहीत. मिरचीवरचा, याच घराण्यातला एक विषाणू आपल्या पोटातून जसाच्या तसा बाहेर पडतो, आणि तो पाण्यात किती सापडतो यावरून सांडपाणी कुठे मिसळलं याचा अंदाज शास्त्रज्ञ घेतात.

पुन्हा १९५६ कडे. त्या उन्हाळ्यात रोझलिंड दुसऱ्यांदा अमेरिकेत होती. काम जोरात होतं, त्या एका वर्षात तिचे सात निबंध आले. प्रवासात तिच्या लक्षात आलं की स्कर्ट कमरेला घट्ट होतोय, पोट फुगलंय, मधूनच दुखतंय. लंडनला परतल्यावर सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली. अंडाशयाचा कर्करोग निघाला. वय ३६. हा आजार आजही बहुतेकदा उशिराच कळतो, कारण सुरुवातीची लक्षणं अशीच असतात. पोट फुगल्यासारखं वाटणं, थोडं खाल्लं तरी भरल्यासारखं होणं, वारंवार लघवीला जावं लागणं. गॅस झाला, वय झालं, असं म्हणून बायका ती अंगावर काढतात. रोज-रोज, आठवडे-दोन आठवडे असं होत राहिलं तर स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवायला हवं.

शस्त्रक्रियेनंतर विश्रांतीसाठी ती काही दिवस केंब्रिजला मित्राच्या घरी राहिली. हा मित्र म्हणजे फ्रान्सिस क्रिक आणि त्याची पत्नी ओडील. डीएनएच्या गोष्टीत एकमेकांसमोर उभी केली जाणारी ही माणसं. प्रत्यक्षात आजार कळण्याआधी त्याच वर्षी ती त्या दोघांबरोबर स्पेनमध्ये फिरूनही आली होती.

बरं वाटलं की ती प्रयोगशाळेत परतायची. १९५७ मध्ये आणखी सहा निबंध आले. निधीची बाजू लंगडी पडत होती, तेव्हा तिनं अमेरिकेच्या आरोग्य खात्याकडे अर्ज केला आणि तीन वर्षांसाठी मोठं अनुदान मिळवलं. बर्कबेकला तोवर एवढी रक्कम कधी मिळाली नव्हती. त्यातून तिनं हाती घेतला तो पोलिओचा विषाणू. जिवंत पोलिओ विषाणू इमारतीत येणार म्हणून काही सहकारी धास्तावले. लस नुकतीच आली होती, आणि कुबड्या घेतलेली मुलं प्रत्येक शहरात दिसत.

वनस्पतींवरून एकदम माणसाच्या विषाणूकडे ही उडी वाटते तेवढी लांब नव्हती. पोलिओही आरएनएचा विषाणू. पुढे कळलं की प्रथिनं बनवायची त्याची तऱ्हा पपईच्या विषाणूसारखीच आहे. एक अखंड लांब प्रथिन, मग आतल्याच कात्र्यांनी त्याचे तुकडे, आणि धाग्याच्या टोकाला चिकटलेलं एक छोटं प्रथिन. एक माव्याच्या सोंडेतून पपईत जातो, दुसरा दूषित पाण्यातून बाळाच्या पोटात. वाचून घेण्याची रीत मात्र एकाच घरातली. रोझलिंडच्या हयातीत यातलं काही माहीत नव्हतं. तिला विषाणूंचा आकार दिसत होता, आणि त्यावरून ती एकापाठोपाठ एक योग्य विषाणू उचलत होती.

याच दरम्यान ब्रुसेल्समध्ये १९५८ च्या जागतिक प्रदर्शनाची तयारी चालू होती. तिथल्या विज्ञान दालनात ठेवायला विषाणूंच्या मोठ्या प्रतिकृती हव्या होत्या. तंबाखूच्या विषाणूची प्रतिकृती पाच फूट उंच झाली. प्रथिनांचे तुकडे म्हणून सायकलच्या हँडलच्या प्लॅस्टिकच्या मुठी वापरल्या, गोल विषाणूंसाठी टेबलटेनिसचे चेंडू. सामान्य माणूस तिच्यासमोर उभा राहून विषाणूत डोकावू शकेल आणि धागा भिंतीतून कसा जातो ते बघू शकेल, अशी.

१६ एप्रिल १९५८ रोजी लंडनमध्ये रोझलिंडचं निधन झालं. ती ३७ वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी ब्रुसेल्सचं प्रदर्शन उघडलं.

मृत्युपत्रात तिनं क्लुगला ३ हजार पौंड आणि आपली ऑस्टिन गाडी ठेवली होती. क्लुगला कुटुंब होतं आणि पैशांची चणचण होती, हे तिला ठाऊक होतं. फिंच आणि क्लुग यांनी पोलिओ विषाणूच्या रचनेचं काम पूर्ण केलं आणि १९५९ मध्ये तो निबंध तिच्या स्मृतीला अर्पण केला. वॉटसन, क्रिक आणि विल्किन्स यांना १९६२ मध्ये नोबेल मिळालं, तेव्हा ती नव्हती. नोबेल मरणोत्तर देत नाहीत. १९८२ मध्ये क्लुगला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यात तिच्याबरोबर सुरू केलेल्या विषाणूंच्या कामाचा मोठा वाटा होता.

लंडनमधल्या विल्सडेन इथल्या ज्यू दफनभूमीत तिची कबर आहे. दगडावर ती शास्त्रज्ञ होती असं लिहिलं आहे आणि विषाणूंवरच्या तिच्या कामाचा उल्लेख आहे. डीएनएचा नाही.